अर्क म्हणजे घाम, सूर्य नव्हे

प्रश्न असा आहे की हेक्झेन (पेट्रोलियमपासून मिळणारा, तेल विरघळवणारा द्रव) नाहीतर अल्कोहोलमध्ये वनस्पती भिजवून जे काढतात त्याला अर्क म्हणायचं का, आणि हा शब्द संस्कृत अर्क म्हणजे सूर्य त्यावरूनच आलाय ना?

दुसरं आधी घेतो कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. नाही आलेला! सूर्य आणि रुईचं झाड हे अर्क सगळ्यांना माहितीयेत, ते सोडा. बाटलीतला अर्क फारसीतून आलेला अरबी 'अरक' आहे आणि अरक म्हणजे घाम. खरंच घाम. भांड्यात पाणी आणि पाकळ्या उकळायच्या, वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते आणि तिथे थेंब जमतात, कपाळावर जमतात तसेच. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याची नजर काय असेल! तुर्कांची राकी ही दारूसुद्धा याच घामातून आलीये.

माझं मत असं की आपल्याकडे 'अर्क' हे रूप आधीच तयार होतं म्हणून परका 'अरक' त्यात अलगद बसला, मधला अ गेला आणि शब्द संस्कृत वाटायला लागला. मग 'वनस्पतीचं तेज म्हणून अर्क' अशी जुळवाजुळव करणारे विद्वान आले. त्यांनी चरक-सुश्रुत उघडून बघावं, तिथे औषधात अर्क म्हणजे रुई. आणि काही कोशकार 'अर्क = सार, सत्त्व' एवढं लिहून मोकळे होतात, घामाचं नावच नाही, म्हणून तर हा घोळ चाललाय.

आता गंमत बघा. सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये दुधातली चरबी मोजायला जे उपकरण केलं, तेच आज प्रयोगशाळेत वनस्पतींसाठी वापरतात. त्यात खालच्या फ्लास्कमधलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, उकळतं, वर थंड होऊन थेंब थेंब वनस्पतीचा चुरा भरलेल्या पुडीवर पडतं, पुडीतलं तेल घेऊन परत खाली येतं, असं तासन्‌तास. म्हणजे घाम फुटतो तो सॉल्व्हंटला! तेल खाली फ्लास्कमध्येच बसून राहतं. कारखान्यातही तेच, हेक्झेन साधारण 69 अंशाला उकळतं म्हणून ते वाफ करून परत मिळवतात आणि तेल मागे उरतं. शब्द काटेकोर धरला तर तिथला अर्क हेक्झेन आहे, तेल नाही.

आणि हा नुसता शब्दाचा कीस नाहीये, पदार्थच वेगळा निघतो. गुलाब वाफेवर धरला तर जे उडतं तेवढंच मिळतं, त्यातही फिनाइल इथाइल अल्कोहोल हा गुलाबाच्या वासातला घटक बरंचसं पाण्यातच राहून जातं. तोच गुलाब हेक्झेनमध्ये घातला तर ते येतं, सोबत मेणही येतं, मग मेण वेगळं करायला परत अल्कोहोल लागतं. दोन्हींना गुलाबाचा अर्क म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

हां, तर म्हणायचं काय. सॉल्व्हंटने काढायच्या क्रियेला परिभाषेतला निष्कर्षण शब्द चांगला आहे, पण जे निघतं त्याला 'निष्कर्ष' म्हटलं की लोकांना अहवालाचं शेवटचं पान आठवतं, त्यामुळे सरळ एक्स्ट्रॅक्ट लिहा, काही बिघडत नाही. फक्त सॉल्व्हंटला द्रावण लिहू नका हो, तो विद्रावक. द्रावण म्हणजे तेल त्यात विरघळल्यावर जे होतं ते, तेलाच्या कारखान्यात ज्याला मिसेला म्हणतात.