‘सुटका’ झाली, तर मग ‘रवानगी’ कशी?

प्रश्न असा आहे: ‘लॉजवर छापा, चार महिलांची सुटका, सुधारगृहात रवानगी’ अशा बातम्या नेहमी वाचायला मिळतात. सुटका झाली तर पुन्हा रवानगी कसली? शब्द चुकला आहे, की वाचणाऱ्याची समज?

समज बरोबर आहे. ‘सुटका’ ही ‘सुटणे’ या अकर्मक क्रियापदाच्या घरातली. गाठ सुटते, शाळा सुटते, बाळंतीण सुखरूप सुटते. हा शब्द दोन गोष्टी मागतो: कोणाची आणि कशातून. ‘कुठे’ हे तो विचारतच नाही; सुटलेलं माणूस वाट फुटेल तिकडे जातं. बातमीत मात्र ‘कशातून’ गाळलेलं असतं. दलालाच्या तावडीतून? धंद्यातून? की नुसतं त्या लॉजमधून? आणि जे विचारायचं नव्हतं ते ‘कुठे’ ठळक छापलेलं असतं. ‘रवानगी’ तर माणसाच्या बाबतीत आपण कोठडी, तुरुंग किंवा वृद्धाश्रम यांच्याशीच लावतो. रवानगी झालेल्याला कोणी विचारलेलं नसतं.

शब्द बातमीत आला तो कायद्यातून. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, बोलीभाषेत ‘पीटा’. (१९८६ च्या दुरुस्तीत नाव बदललं. इंग्रजी आद्याक्षरं नव्या नावाच्या क्रमाने घेतली तर ‘पीटा’ होतच नाही, पण पोलीस ठाण्यापासून वस्तीपर्यंत सगळे पीटाच म्हणतात, तेव्हा तेच बरोबर.) स्वतःच्या राजीखुशीने शरीरविक्रय करणं हा या कायद्याने गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं, देऊळ-शाळा-दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं हे गुन्हे. कलम १६ मध्ये बाईला तिथून ‘रेस्क्यू’ करण्याची तरतूद आहे. तिचीच मराठीत ‘सुटका’ झाली. पुढचं कलम १७ सांगतं की चौकशी होईपर्यंत तीन आठवड्यांपर्यंत ताबा, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटलं तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृह. म्हणजे तिच्यावर गुन्हा नाही, ती ‘पीडित’, आणि दाराला कुलूप बाहेरून.

मालाडचं प्रकरण पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये छाप्यात तीन तरुणींची ‘सुटका’ झाली. तिघीही सज्ञान. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना आईच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात वर्षभर ठेवण्याचा आदेश काढला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला: सज्ञान बाईला कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, तिला इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही. व्याकरणाच्या हिशेबाने सुटका झाली ती या दिवशी.

याचा अर्थ शब्द सरसकट टाकून द्यायचा असा नाही. अठरा वर्षांखालची मुलगी, फसवून आणलेली, खोलीत कोंडलेली बाई तिथून बाहेर पडली तर ती सुटकाच; तिथे कीस पाडत बसणं बरं नव्हे. गडबड होते ती दोन्ही प्रकारांना एकच शब्द लावल्याने. वस्तीतल्या बाया स्वतः सांगतात तेव्हा ‘रेड पडली’, ‘उचलून नेलं’ असं सांगतात. पोलिसांचं नाव घेतलं नाही तरी कोणी काय केलं ते त्यात स्वच्छ दिसतं. आत असताना कमाई बुडते, खोलीचं भाडं चढतं, पोरं शेजारणीकडे राहतात. कलम १८ खाली खोलीलाच टाळं लागलं तर परत यायला जागाही नाही. नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीच्या वाटा रोखल्या, तेव्हा बायांची चूल थंडावली. त्याला मात्र कोणी सुटका म्हटलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याची कार्यवाही करा आणि निरोधची पाकिटं पुरावा म्हणून धरू नका. (पाकीट पुरावा ठरू लागलं की ते जवळ बाळगायचीच भीती वाटते, आजार तिथून शिरतो.) छापा आणि सुटकेच्या बातम्यांत ओळख उघड होऊ नये, यासाठी प्रेस कौन्सिलने सूचना काढाव्यात असंही त्यात आहे.

‘मुक्ती’ बरी का, असंही विचारलं आहे. सांगलीकडच्या बायांच्या संघटनेचं नाव पाहा: ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. ऋणमुक्ती, व्यसनमुक्ती यांसारखा पंचमी तत्पुरुष, अन्यायापासून मुक्ती. घाईत वाचणारा मधला शब्द गिळून ‘वेश्यामुक्ती’ वाचतो आणि धंदा सोडवणारी संस्था समजतो. ‘कशातून’ हे त्यांनी नावातच लिहून ठेवलं आहे. बातमीत ‘मुक्ती’ जड होईल, पण ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

तेव्हा मी असं लिहीन: ‘छाप्यात चार महिला ताब्यात, संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश’. कोंडलेल्या मुलीबद्दल असेल तर ‘दलालाच्या तावडीतून मुलीची सोडवणूक’. ‘सोडवणे’ सकर्मक आहे, त्यामुळे सोडवणारा कोण हे विचारावं लागतं, आणि ‘तावडीतून’ म्हटलं की धरून ठेवणाराही वाक्यात उभा राहतो. आणि ज्या बातमीत धरून ठेवणाऱ्याचं नावच सापडत नाही, तिथे वार्ताहराने ठाण्यात आणखी एक फोन करावा.