पिंजऱ्याचं लोखंड आणि कोनूरची चोच

प्रश्न : माझ्याकडे दोन कॉकाटील (तुऱ्याचे छोटे पोपट) आहेत आणि दिवाळीत मुलीने हट्टाने एक सन कोनूर (पिवळा-केशरी पोपट) आणला. बाल्कनीत मावेल असा साडेतीन फूट लांब पिंजरा उद्यमनगरात करून घ्यायचा आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, जी.आय. वेल्डमेश लावू, पावसातही गंजणार नाही. मेव्हणे म्हणतात, साधं लोखंड घे आणि पावडर कोटिंग कर. स्टेनलेसचा भाव ऐकून मी गप्प बसलो. पक्ष्याला यातलं नेमकं काय बाधतं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा फॅब्रिकेटर खोटं बोलत नाही. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, ते खरंच लवकर गंजत नाही. माझी उभी हयात उद्यमनगरात वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेली. गोठ्याच्या खिडक्या, शेताचं कुंपण, गच्चीची जाळी, सगळीकडे मीही जी.आय.च सुचवत आलोय. पण गोठ्यातली म्हैस खिडकी खात नाही. पोपटाच्या जातीचा पक्षी खातो. पोटासाठी नव्हे, चोच हा त्याचा तिसरा पायच आहे. जाळीवर चढताना तो चोचीने धरतो, उतरताना धरतो आणि रिकामा बसला की सांधा कुरतडतो.

लोखंड सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. वर येताना जस्त निथळतं आणि सांध्यांपाशी त्याचे थेंब, टोकं गोठून राहतात. नव्या जाळीवरून बोट फिरवून बघा, कुठेतरी टोचेलच. तेच टोक पक्षी आधी उचकटतो. गिळलेला कण त्याच्या पेषणीत अडकतो, तिथे दळला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि जस्त रक्तात उतरतं. कॉकाटीलचं वजन 90-100 ग्रॅम. एवढ्याशा जिवाला किती कण लागणार! जुनी जाळी बरी म्हणाल तर तीही नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाल्कनीत ओल असतेच. त्या ओलीने जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि ती चोचीला सहज खरवडून येते. व्हिनेगरने जाळी घासली की सुटी भुकटी जाते, जस्ताचा थर जागेवरच राहतो. जाळी आधीच विकत घेतली असेल तर तेवढं तरी करा, पण तिला सुरक्षित म्हणू नका.

लक्षणं लगेच ओळखू येत नाहीत. पक्षी पिसं फुगवून बसतो, पाणी फार पितो, विष्ठा पातळ होते, दाणा उलटून टाकतो. शिसं (ते रंगात किंवा सांध्याच्या डागात असू शकतं, पुढे सांगतो) पोटात गेलं असेल तर पाय लुळे पडतात, झटकेही येतात. अशा वेळी घरगुती काढे करत बसू नका. पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या आणि "जाळी कुरतडतो" हे स्वतःहून सांगा. एक्स-रेत धातूचा कण बऱ्याचदा दिसतो आणि रक्तातला धातू बांधून बाहेर काढणारं औषध आहे. लवकर गेलात तर पक्षी वाचू शकतो.

आता मेव्हण्यांची सूचना. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड भाजून चढवलेला थर, मला मान्य आहे, पण तीन गोष्टी विचारून. पहिलं, आतला माल काळं लोखंडच, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेलं, आहे ना? जी.आय.वर रंग चढवून विकलेले पिंजरे मी पाहिलेत. रंगाचा पापुद्रा निघाला की खाली जस्त उघडं. दुसरं, कोटिंगवाला आधी काय लावतो? आपल्याकडे रंगापूर्वी झिंक (म्हणजे जस्त) फॉस्फेटचं पाणी देण्याची पद्धत आहे, काही जण झिंक प्रायमर मारतात. तुम्ही आयर्न फॉस्फेट सांगा आणि प्रायमर नको म्हणा. तो थोडी कुरकुर करेल. तिसरं रंगाचं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको असा नियम 2016 साली झाला, पण कारखान्यातले रंग त्यात येत नाहीत. पिवळ्या-केशरी रंगात शिशाचा क्रोमेट वापरायची जुनी रीत आहे. म्हणून पांढरा किंवा राखाडी घ्या आणि पावडर शिसंविरहित असल्याचं लिहून मागा. मुलीला कोनूरच्या रंगाचाच पिंजरा हवा असेल तर तिची समजूत काढायचं काम तुमचं!

एवढं करूनही पावडर कोटिंग कॉकाटीलसाठी ठीक, कोनूरसाठी अर्धवटच. त्याची चोच दांडगी. तो रंग सोलतो आणि सोललेल्या जागी कोल्हापूरचा पाऊस आपलं काम करतो. दर पावसाळ्यापूर्वी दिवसाउजेडी सगळे सांधे तपासायची तयारी हवी.

राहिलं स्टेनलेस. माझं मत स्पष्ट आहे : जाळी 304 या प्रतीचीच घ्या. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, वर मुलामा नसतो, त्यामुळे सोलायला काही उरत नाही. दुकानात 202 हातात ठेवतील, जिन्याच्या रेलिंगला बहुतेक तेच वापरतात. ते जस्तासारखं बाधत नाही, पण निकेल कमी असल्याने ओलीत डाग धरतं. लोहचुंबक लावून खात्री करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. चुंबक सहसा 304 ला चिकटत नाही, तसं 202 लाही चिकटत नाही. चुंबकाने फक्त जी.आय. किंवा 202 हूनही हलकं स्टेनलेस पकडता येतं. खरा फरक थेंब टाकायच्या केमिकलने कळतो, भंगारवाल्यांकडे ती बाटली असते.

खर्च वाचवायची जागा जाळीत नाही, सांगाड्यात आहे. अँगलचा सांगाडा काळ्या लोखंडाचा करा, त्याला पावडर कोटिंग द्या आणि अर्ध्या इंचाच्या चौकटीची, 2 मिलिमीटर तारेची स्टेनलेस जाळी आतल्या बाजूने बसवा. जाळीच्या कडा स्टेनलेस पट्टी आणि स्टेनलेस बोल्टने दाबा. मग चोच सांगाड्यापर्यंत पोचतच नाही. जाळीला कुठे जोड द्यावा लागला तर आर्गन वेल्डिंग सांगा. पितळी काडीने ब्रेझिंग करून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्या काडीत तांबं आणि जस्त असतं.

आणि लोक फसतात ते किरकोळ सामानात. जाळी भारी घेतात आणि कडी-कोयंडा, साखळी, घंटी, एस-हुक लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरमधून चमकणारे आणतात. ती चमक बहुधा जस्ताचीच. दाराची कडी पक्ष्याला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती हलते. वाट्या घरातल्या स्टीलच्या चालतील. रबरी खेळणी नकोत, रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. बसायला पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी धुऊन वाळवून लावा. कण्हेरीची चुकूनही नको, ती विषारी आहे.

जाता जाता : साडेतीन फुटांत तिघांना एकत्र कोंडू नका. कोनूर चिडला की कॉकाटीलचं बोट तोडतो. मधे पार्टिशन करा, तेही दुहेरी जाळीचं, म्हणजे पलीकडचा पाय चोचीत सापडणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या वाड्यातला पितळी पिंजरा घासूनपुसून लखलखीत केला आहे. त्यात लव्हबर्डची जोडी ठेवली तर चालेल का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजी नावाचे छोटे पोपट असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. पण दोघांनाही हा पिंजरा नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपण आतून कल्हई करून घेतो, मग फळाचा रस लागलेली तीच पितळी काडी पक्ष्याने चाटायची का? त्याहून वाईट म्हणजे जुन्या पिंजऱ्यांचे सांधे डाग देऊन जोडलेले असतात आणि त्या डागात कथलासोबत शिसं असतं. लखलखीत घासल्याने ते आणखी उघडं पडलंय. एवढी देखणी वस्तू आहे तर त्यात मनी प्लांट सोडा.

प्रश्न : पावसात झाडावरून पडलेलं हिरव्या पोपटाचं पिल्लू सापडलंय. त्याला कोणता पिंजरा घ्यावा? – एक वाचक, कळंबा

उत्तर : कोणताच नाही. आपला हिरवा राघू पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंदी आहे, पिंजरा स्टेनलेसचा असला तरी. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडं फडकं घालून त्याला उबेला ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर आजच फोन करा.