लग्नात शुभेच्छांच्या वहीऐवजी फोटोंच्या प्रिंट्स कशा वापरायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात लातूरला मंगल कार्यालयात लग्न आहे, पाहुणे 600 च्या आसपास. शुभेच्छांची वही नको आहे. साखरपुड्याच्या आणि प्री-वेडिंगच्या फोटोंच्या प्रिंट्स वापरून दुसरं काय करता येईल?

आधी 600 हा आकडा डोक्यातून काढा. आपल्याकडे बरीचशी मंडळी मुहूर्ताला पोचतात आणि अक्षता पडल्या की पंगतीकडे वळतात. निवांत उभं राहून चार ओळी लिहिणारी माणसं म्हणजे जवळचे नातेवाईक आणि मित्रमंडळी. 120 जण धरून तयारी करा.

माझी पहिली पसंती साखरपुड्यात काढलेल्या पाहुण्यांच्याच फोटोंना. मामा-मामी, आत्या, कॉलेजचा ग्रुप, जो जो फोटोत आहे त्याची 4×6 इंची प्रिंट काढायची आणि लग्नाच्या दिवशी ज्याने त्याने आपला फोटो शोधून त्याच्याशेजारी लिहायचं. माणूस स्वतःचा फोटो शोधायला हमखास थांबतो, बोलवावं लागत नाही. साखरपुड्याला नसलेल्यांसाठी तुम्हा दोघांच्या फोटोच्या 30-40 प्रिंट्स जादा ठेवा.

आता लिहायचं कशावर, हे नीट ठरवा, कारण सगळं बिघडतं ते इथेच. लॅबच्या फोटो पेपरवर दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यात शाई मुरत नाही. ग्लॉसी प्रिंटवर जेल पेन तासाभरानेही पुसलं जातं आणि बॉलपेन नुसतं ओरखडे काढतं. मागच्या बाजूला लिहिलं तर दाबाचे वळ पुढे उमटतात आणि गठ्ठा केला की ओली शाई खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर लागते. म्हणून फोटोवर लिहूच नका, फोटो कार्डावर चिकटवा. 300 जीएसएमची, म्हणजे चांगली जाड, पांढरी ए-4 कार्डशीट 60 घ्या आणि प्रिंटिंग प्रेसवर मधोमध कापून आणा, 120 कार्डं होतील. कार्ड आडवं धरून फोटो उजव्या-वरच्या कोपऱ्यात, कडेपासून एक-एक सेंटीमीटर सोडून लावा. डावीकडे जवळपास पाच आणि खाली साडेतीन सेंटीमीटर जागा उरते, त्यावर कुठलंही पेन चालतं. फोटो आडवेच निवडा. उभा 4×6 या कार्डात मावत नाही, चार मिलिमीटर बाहेर येतो. चिकटवायला डबल साइड टेप वापरा. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कार्ड वाकतं.

ही कार्डं सुतळीवर लाकडी चिमट्यांनी लावा. कार्डाची रुंदी 21 सेंटीमीटर, म्हणजे दीड मीटरच्या सुतळीवर सहा बसतात. सुतळी ताणून बांधा, नाहीतर सगळी कार्डं घसरून मध्ये गोळा होतात.

नंतर बांधणी करायची असेल तर एकाच जाड पुस्तकाचा हट्ट नको. फोटो लावलेली 120 कार्डं एकावर एक ठेवली की सात-आठ सेंटीमीटर उंची होते, शिवाय फोटोची बाजू फुगते आणि शिवणीची बाजू बारीक राहते. 40-40 ची तीन पुस्तकं करा आणि शिवणीकडे प्रत्येक दोन कार्डांमध्ये कार्डशीटची दीड सेंटीमीटरची पट्टी घाला. वरच्या पुठ्ठ्यावर मराठवाड्यात विणलं जाणारं हिमरूचं कापड लावलं तर आपल्या भागाची खूण राहील. जुन्या पैठणीचा काठही शोभतो, फक्त पुठ्ठ्याच्या घडीवर जरीची तार येऊ देऊ नका, ती तुटते.

दुसरा पर्याय भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोचा. 12×18 इंची कागदावर मधोमध 8×12 इंचाचा फोटो आणि भोवती पांढरी जागा, अशी मॅट प्रिंट लॅबला सांगा. सिल्की, म्हणजे खरबरीत पोताच्या, प्रिंटवर बारीक टोक अडखळतं. त्या पांढऱ्या जागेत हिशेबाने 60 जण बसतील असं वाटतं, पण माणसं ऐसपैस लिहितात, 35-40 मध्येच ती भरते. म्हणून तीन प्रिंट्स करा: मुलाकडच्यांची, मुलीकडच्यांची, मित्रांची. कडेचा अर्धा इंच पेन्सिलीने आखून मोकळा ठेवा, तो फ्रेमच्या खाचेत जातो. इथे मात्र बारीक टोकाचा परमनंट मार्करच हवा. स्टेशनरीच्या दुकानात सीडी मार्कर मागा. टाकाऊ प्रिंटवर लिहून पाच मिनिटांनी बोटाने घासून पाहा. सोनेरी-चंदेरी पेंट मार्कर हवा असेल तर तो आधी रद्दी कागदावर चालू करा, नाहीतर पहिलाच थेंब फोटोवर पडतो. फ्रेम करताना माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट, लावून घ्या. काच थेट टेकली तर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. लॅमिनेशन नकोच, त्यातल्या गोंदाने मार्करची शाई फुटू शकते.

इन्स्टॅक्ससारख्या, जागच्या जागी फोटो छापून देणाऱ्या इन्स्टंट कॅमेऱ्याचा मोह होईल. इन्स्टॅक्सची फिल्म 5 ते 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. मेमधली आपल्याकडची दुपार त्याच्या वर जाते आणि रंग बिघडतात. वापरायचाच तर हळदीच्या रात्री वापरा, आणि फिल्म एसीच्या खोलीत ठेवा, उन्हातल्या गाडीत नको.

टेबल रुखवताशेजारी मांडा, तिथे लोक आपणहून रेंगाळतात. आहेराच्या वहीजवळ पाकिटांची घाई असते आणि स्टेजजवळ फोटोची रांग. जंबो कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको: कार्डं उडतात, ओल्या वाऱ्याने प्रिंट्स गोल वळतात. अक्षता वाटायच्या आत लिहून घ्या, कारण एकदा मूठ भरली की पेन कुणी धरत नाही. पंगतीनंतर बोटांना तेल असतं, त्यावर शाई धरत नाही. जवळ ओला रुमाल ठेवा. हळदीचा हात मॅट कागदाला लागला की डाग कायमचा.

टेबलावर कॉलेजात जाणारं एखादं मावसभावंड बसवा, करवलीला त्या दिवशी सवड नसते. ज्या आजी-आजोबांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून अंगठा मागू नका, चारचौघांत ते त्यांना लागतं. त्या भावंडाने विचारावं, "आजी, काय लिहू?" आणि त्या बोलतील ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहावं. खाली आजींचं नाव आणि गाव.