जमीन तुमची, पण किती खोल?

प्रश्न : आम्ही मूळचे मिरजेचे, सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. २०१९ साली इंटरनेटवर जाहिरात बघून नेवाडाच्या हम्बोल्ट काउंटीत ८० एकर जमीन ३१ हजार डॉलरला घेतली. निवृत्तीनंतर तिथे छोटं घर बांधायचं मनात आहे. तिन्ही बाजूंना सरकारी जमीन, चौथ्या बाजूला एक राँच. त्या राँचवाल्याची गुरं आमच्या जागेत चरतात, त्याचे तो वर्षाला ४०० डॉलर देतो. गेल्या आठवड्यात एका कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. तुमच्या जमिनीखाली लिथियम असू शकतं, तीस दिवसांनी आमची माणसं पाहणीला येतील, असा मजकूर. सोबत दोन पानी संमतिपत्र आणि अडीच हजार डॉलरचा चेक. माझ्या जमिनीत हे लोक शिरतातच कसे? उद्या उघडी खाण झाली तर खड्डा कोण बुजवणार? मिरजेचे माझे मोठे बंधू म्हणतात सरळ कोर्टात जा. मेहुणा म्हणतो, आपणच आधी क्लेम, म्हणजे खाणहक्काचा दावा, टाकू. काय करू?

उत्तर : पहिली गोष्ट, चेक बँकेत टाकू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चेकच्या मागे, सही करायच्या जागेच्या वर, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली दिसते : चेक वटवणं म्हणजे सोबतच्या संमतिपत्राला मान्यता. ही ओळ कोर्टात टिकेल की नाही हा वेगळा वाद, पण तो वाद अडीच हजारांसाठी अंगावर का घ्यायचा?

आता मूळ दुखणं. तुमच्या जमिनीचं मूळ पेटंट, म्हणजे सरकारने पहिल्या मालकाला दिलेली सनद, मी केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याच्या जुन्या नोंदींमध्ये पाहिली. ती कोणालाही घरबसल्या फुकट बघता येते. जमीन घेण्याआधी पाच मिनिटं काढून तुम्ही ती पाहिली असती तर २०१९ मध्येच सगळं कळलं असतं, पण ते असो. तुमची जमीन २९ डिसेंबर १९१६ च्या गुरेपालन वसाहत कायद्याखाली दिली गेली. त्या कायद्याने वसाहतदाराला ६४० एकरांपर्यंत चराऊ रान मिळायचं, पण कोळसा आणि बाकीची सगळी खनिजं केंद्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. तेव्हापासून ही जमीन कितीही हातांतून गेली, तरी विकला गेला तो फक्त वरचा थर. तुम्हालाही तोच मिळाला. शिवाय तुमचं खरेदीखत क्विटक्लेम प्रकारचं आहे. त्यात विकणारा एवढंच म्हणतो की माझं जे काही असेल ते तुमचं; काय आहे याची हमी तो देत नाही. त्यामुळे त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

याचं तुम्हाला एवढं आश्चर्य वाटायला नको. मिरजेच्या वडिलोपार्जित रानाचा सातबारा तुमच्या नावावर असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे, सनदेत स्पष्ट काही वेगळं लिहिलेलं नसेल तर, खालची खनिजं राज्य सरकारचीच असतात. फरक पुढे आहे. तिकडे खाणवाला सरकारला रॉयल्टी देतो. इकडे १८७२ चा खाण कायदा अजून चालू आहे, आणि त्याखाली काढलेल्या लिथियमवर केंद्र सरकारलाही रॉयल्टी मिळत नाही. मग तुम्हाला कुठून मिळणार?

तर मग ते आत येऊ शकतात का? येऊ शकतात, पण मर्यादेत. १९९३ मध्ये १९१६ च्या त्या गुरेपालन वसाहत कायद्यात दुरुस्ती झाली, ती तुमच्यासारख्या मालकांसाठीच. त्यानुसार कंपनीने भूव्यवस्थापन खात्याकडे रीतसर सूचना दाखल करायची आणि तुम्हाला रजिस्टर पत्राने कळवायचं. कळवल्यावर तीस दिवस जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. सूचना दाखल केल्यापासून नव्वद दिवसांत पाहणी आणि क्लेमच्या खुणा, एवढंच. त्या काळात बुलडोझर नाही, सुरुंग नाही, नवा रस्ता नाही, बोअर मारायला सपाट ओटा नाही. माणसं चालत येतील, दगडमातीचे नमुने पिशवीत भरतील, कोपऱ्यांवर खुंट ठोकतील. खुंट पोकळ प्लॅस्टिक पाइपचे असतील तर फोटो काढून ठेवा. नेवाडात तसे खुंट चालत नाहीत, कारण पक्षी आत शिरतात, पंख पसरता येत नाहीत आणि तिथेच मरतात. पण स्वतः उपटायला जाऊ नका.

मेहुण्यांना सांगा, कल्पना वाईट नाही, वेळ चुकली. कंपनीने सूचना दाखल केली की त्या मुदतीत दुसऱ्या कोणालाही तिथे क्लेम टाकता येत नाही, जमीनमालकालाही नाही. मुदत संपल्यावर जागा मोकळी राहिलीच तर टाका, पण क्लेम जिवंत ठेवायचे वर्षाला २०० डॉलर, आणि असे क्लेम २० एकरांच्या आसपासचे. तुमच्या ८० एकरांसाठी वर्षाला ८०० झाले. राँचवाल्याकडून येतात त्याच्या दुप्पट.

आता ते दोन पानी संमतिपत्र. पहिलं पान गोडगोड आहे, शेजारधर्म वगैरे. दुसऱ्या पानाच्या चौथ्या परिच्छेदात पाहणी, नमुने, बोअर अशी यादी करून शेवटी ‘आणि त्यानंतरची सर्व खनिज कामे’ असं जोडलंय. तुमच्या सहीची खरी किंमत या शेवटच्या चार-पाच शब्दांत आहे. पाहणीच्या पलीकडचं कुठलंही काम करायला कंपनीसमोर दोनच रस्ते आहेत. एक, तुमची लेखी संमती. दोन, संमती नसेल तर संपूर्ण कामाचा आराखडा भूव्यवस्थापन खात्याकडे मंजुरीला द्यायचा, त्याची प्रत तुम्हाला काम सुरू होण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यायची आणि खात्याकडे बाँड, म्हणजे हमीची रक्कम, भरायचा. तो बाँड जमीन पूर्ववत करण्यासाठी, पिकाच्या आणि बांधकामाच्या कायमच्या नुकसानीसाठी, आणि चराई किंवा तुमच्या इतर वापराचं उत्पन्न कायमचं बुडालं तर त्यासाठी. जमीन वापरल्याबद्दल तुम्हाला मोबदलाही ठरवता येतो, मात्र पृष्ठभागाच्या बाजारभावापेक्षा जास्त नाही. तुम्ही सही केलीत की हा दुसरा रस्ता कंपनीला चालावाच लागत नाही. राज्याचा पुनर्वसन परवाना आणि त्याचा बाँड तरीही लागेल, पण केंद्राच्या दारात तुमचं जे स्वतंत्र आसन होतं ते तुम्ही अडीच हजारांत विकलेलं असेल.

भरपाईबद्दल मात्र डोक्यात आकडे घोळवू नका. १९४९ चा एक छोटा कायदा खास अशा जमिनींवरच्या उघड्या खाणीबद्दल आहे. त्यात खाणवाला जबाबदार आहे, पण कशाला? जमिनीच्या ‘चराईसाठीच्या’ किमतीला. घराची जागा, डोंगराचा देखावा, निवृत्तीचं स्वप्न यांना त्यात जागा नाही. म्हणून राँचवाल्याचे ४०० डॉलर मला महत्त्वाचे वाटतात. त्याच्या चेकच्या नकला, बँकेच्या नोंदी, एखादा साधा ईमेल, जे असेल ते २०१९ पासून क्रमाने लावा. आत्ता घाईघाईने मोठा भाडेकरार करून मागची तारीख टाकायचा मोह होईल. तसलं काही केलंत तर तुमची केस मी घेणार नाही.

बंधूंचा कोर्टाचा सल्ला. त्यांनी बातम्या वाचल्यात त्या याच काउंटीतल्या थॅकर पास खाणीच्या. तिथल्या मॅकडर्मिट ज्वालामुखी कुंडाच्या चिकणमातीत लिथियम आहे, गंधकाम्लाने ते सोडवून काढायचं. जमीन सरकारी. १५ जानेवारी २०२१ ला खात्याने मंजुरी दिली आणि एक राँचमालक, पर्यावरण संघटना, आदिवासी जमाती सगळे कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायाधीश मिरांडा डू यांनी एक महत्त्वाची चूक दाखवली : ज्या सरकारी जमिनीवर कंपनी नुसता मुरूम-दगड टाकणार, तिथे तिचा खाणहक्क खरोखर आहे का हे खात्याने तपासलंच नव्हतं. आधी ॲरिझोनाच्या रोझमाँट तांब्याच्या खाणीच्या निकालात अपील कोर्टाने हाच मुद्दा धरून परवानगी रद्द ठरवली होती. तरी थॅकर पासची मंजुरी रद्द झाली नाही, खात्याला चूक दुरुस्त करायला सांगितलं, काम चालूच. जुलै २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ते कायम केलं. आणि २९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘सेव्हन काउंटी’ नावाच्या खटल्याच्या निकालात पर्यावरण अहवालांबाबत खात्यांच्या निर्णयात फार ढवळाढवळ करू नका असं खालच्या कोर्टांना बजावलं. म्हणजे एवढ्या मोठ्या फौजेला जे जमलं नाही ते ८० एकरांसाठी, आराखडाच नसताना करायचं? आव्हान द्यायला आज काही निर्णयच झालेला नाही.

तुमची खरी लढाई आराखडा येईल तेव्हा, आणि ती खड्ड्याचीच. नेवाडाचा कायदा खाणीची जमीन पूर्ववत करायला सांगतो, पण उघडा खड्डा आणि कड्याच्या उभ्या भिंती यांना सूट मागता येते, शक्य नाही असं दाखवलं तर. केंद्राचे नियमही खड्डा भरलाच पाहिजे असं सरसकट म्हणत नाहीत. म्हणून ‘कायद्यानेच भरून देतील’ या भरवशावर राहू नका. थॅकर पासच्या आराखड्यात एका बाजूने खोदत असतानाच मागचा भाग भरत जायची अट आहे. तेच उदाहरण समोर ठेवून लेखी हरकतीत मागा : खोदाईबरोबर भराई, वर्षवार नकाशासह. वरची सुपीक माती आधी वेगळी काढून वेगळी रचायची, तिच्यावर दगड टाकायचा नाही. त्या रानात सेजब्रश हे तिथलं मूळचं झुडूप पुन्हा धरायला वर्षानुवर्षं जातात आणि तोवर चीटग्रास नावाचं परकं गवत सगळं व्यापतं, त्यामुळे कोणतं बी पेरणार आणि किती वर्षं राखणार हेही लिहून घ्या. बाँडची रक्कम कंपनीच्या स्वतःच्या मशिनरीच्या खर्चावर नाही, तर कंपनी पळाली आणि सरकारने बाहेरचा कंत्राटदार लावला तर किती लागेल यावर काढतात. तो हिशेब मागून घ्या आणि मला दाखवा.

पाणी. तुमच्या जागेत जुनी बोअर आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, माझ्या मते तेच सगळ्यात आधी करायचं काम आहे. घरगुती विहिरीला नेवाडात परवान्याशिवाय वर्षाला २ एकर-फूट पाणी घेता येतं, म्हणजे साधारण २४ लाख ६७ हजार लिटर. पाणी किती खोलीवर आहे ते आज मोजून घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसानेच नमुना घेऊन आर्सेनिक, अँटिमनी, युरेनियम तपासू दे. तुम्ही स्वतः बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलेलं पाणी पुढे कोणी मानणार नाही. ज्वालामुखीच्या त्या खडकात आर्सेनिक मुळातच असतं. दहा वर्षांनी पाणी बिघडलं तर कंपनीचा वकील पहिलं वाक्य तेच म्हणेल, आणि आजचा अहवाल नसेल तर तुमच्याकडे उत्तर नसेल. कंपनीने पाणीहक्काचा अर्ज केला तर स्थानिक वर्तमानपत्रात त्याची जाहिरात येते. शेवटच्या जाहिरातीनंतर तीस दिवसांत स्टेट इंजिनिअरकडे, म्हणजे राज्याच्या पाणीहक्क अधिकाऱ्याकडे, हरकत घेता येते. तुम्ही फ्रीमाँटला बसून ते वर्तमानपत्र वाचणार नाही, राँचवाला वाचतो. त्याच्याशी संबंध चांगले ठेवा.

एक शेवटचं, क्षुल्लक वाटणारं. नोटीस कोणाला पाठवायची हे काउंटीच्या कराच्या नोंदीवरून ठरतं. तुमच्या पत्राच्या पाकिटावर जुना सॅन होजेचा पत्ता आहे आणि पोस्टाने तो खोडून पुढे पाठवलंय, म्हणून ते मिळालं. ही पोस्टाची सोय कायम नसते. सोमवारी सकाळी काउंटी असेसरला फोन करा, पत्ता बदलायचा फॉर्म मागवा, भरून रजिस्टरने पाठवा आणि पावती ठेवा. त्याच दिवशी कंपनीचा चेकही, दोन्ही बाजूंची फोटोकॉपी काढून, तीन ओळींच्या पत्रासोबत परत करा : नोटीस मिळाली, संमती देत नाही, यापुढचा पत्रव्यवहार नव्या पत्त्यावर करावा.