द्राक्षबागेत फवारताना कोसळलेल्या माणसाला उचलणाऱ्यालाही विषबाधा होते का? (तासगाव, सांगली)

होऊ शकते, पण रबरी हातमोजे घालून उचललंत तर धोका बराच कमी. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस अशी औषधं कातडीतूनही अंगात जातात. म्हणून भिजलेला सदरा आणि उलटी, दोन्हींना उघडा हात नको. सदरा डोक्यावरून ओढू नका, कापून पिशवीत बांधा, अंग साबण-पाण्याने धुवा. तोंडाने श्वास देऊ नका. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त जहाल (आमच्या कृषी सेवा केंद्रात सगळे भाव विचारतात, त्रिकोण कोणी बघत नाही). धान्यातली अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी पोटात गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी: उलटीतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, तिथे मोज्यांचा उपयोग नाही, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. १०८ ला फोन आधी, धुणं नंतर.