चालताना कानात गाणं असावं का?

प्रश्न : माझं वय ५८. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं भरभर चालायला सांगितलंय, पण मला लवकर कंटाळा येतो. मुलीने इअरफोन आणून दिले. अभंग लावले की वेळ कसा जातो कळत नाही. यजमान म्हणतात, गाण्याच्या नादात केलेला व्यायाम अंगी लागत नाही, लक्ष चालण्यात हवं. खरं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अभंग बंद करू नका. पाय, पोटऱ्या, हृदय यांना पडायचं तेवढं काम पडतंच. कमी होते ती दमल्याची जाणीव. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागेऑर्गिस गेली कित्येक वर्षं याच विषयावर काम करताहेत. व्यायाम हलका किंवा मध्यम असेल, तर संगीतामुळे तोच व्यायाम सुमारे दहा टक्के सोपा वाटतो, असं ते सांगतात. तुमच्यासारखीला रोज उठून बाहेर पडायचंय, तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे. जो व्यायाम नकोसा वाटतो तो महिन्याभरात सुटतो, आणि मधुमेहात सातत्यालाच खरी किंमत.

पण कुठला अभंग, हे मात्र बघा. लिव्हरपूलमध्ये २०१० साली एक प्रयोग झाला. तरुणांना सायकल चालवायला दिली आणि गाण्यांची लय कधी दहा टक्क्यांनी वाढवली, कधी तेवढीच उतरवली. गाणी तीच. लय वाढली तेव्हा ते जास्त अंतर कापत आणि जास्त जोरही लावत. उतरली की दोन्ही घटे. तुमचंही तसंच होणार. संथ, आळवून म्हटलेल्या अभंगावर पावलंही रेंगाळतात. प्रौढ माणसाचं भरभर चालणं म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. उद्या घड्याळ लावून अर्ध्या मिनिटातली पावलं मोजा. पन्नासच्या आसपास असतील तर उत्तम. चाळीसच भरली, तर ते गाणं सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा आणि मधल्या अर्ध्या तासासाठी चढ्या ठेक्याचे गजर निवडा. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडलं पाहिजे. अधूनमधून स्वतः एखादी ओळ म्हणून बघा. बोलता येतंय पण गाताना दम पुरत नाही, म्हणजे वेग बरोबर. ओळच्या ओळ आरामात गाता आली तर पाय उचला.

आता यजमानांचं. त्यांच्या काळजीत तथ्य आहे, फक्त कारण वेगळं. संगीत थकवा झाकतं, तसं शरीराचे इशारेही झाकू शकतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी चालताना साखर उतरू शकते. हात थरथरणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही जाणवलं की गाणं बंद करून बसा आणि खिशातली साखर तोंडात टाका. छातीत दाटलं तर थांबा आणि कुणाला तरी लगेच हाक मारा, घरी जाऊन बघू असं म्हणू नका. दर दहा मिनिटांनी आवाज बंद करून क्षणभर श्वासाकडे, तळपायांकडे लक्ष द्यायची सवय लावा. बूट चावत असेल तर तेव्हाच कळेल. रस्त्यावर चालत असाल तर एकच कान झाका. मागून येणारी दुचाकी ऐकू आलीच पाहिजे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. मी शाळेत व्यायामशिक्षिका होते. मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या की कुरकुरणारी मुलं हलगी वाजायला लागली की लेझीम खाली ठेवायला तयार नसत. चार आवाज, दो रुख, मोरचाल, घामाने भिजली तरी ‘बाई, अजून एकदा!’ याचं एक कारण मला पुढे जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या एका संशोधनात सापडलं. तिथे टॉम फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची यंत्रं अशी जोडली की माणसाच्या हालचालीतूनच संगीत निघे. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की नुसतं ऐकत व्यायाम करण्यापेक्षा स्वतः संगीत घडवत केलेल्या व्यायामात कष्ट कमी जाणवतात. लेझमीत खेळणाराच वाजवणारा असतो, हे मला तेव्हा नव्याने उमगलं. तुमच्या भागात महिलांचं लेझीम पथक किंवा टिपऱ्यांचा गट असेल, तर आठवड्यातले दोन दिवस तिकडे जा. गुडघे दुखत असतील तर फक्त उड्या नि बैठका टाळा.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरचा सराव इअरफोन लावूनच करतो. गाण्याने टायमिंग सुधारेल का? – एक वाचक, जालना

उत्तर : ग्राउंडच्या दिवशी इअरफोन काढावे लागतील, हे आधी लक्षात घे. शिवाय १६०० मीटर जीव तोडून पळायचं अंतर आहे. इतक्या जोराच्या पळण्यात छाती आणि पाय मेंदूला सतत खबर देत राहतात, त्यापुढे गाणं दमणं फारसं झाकू शकत नाही. पहिला राउंड जोरात मारून शेवटच्या राउंडला पाय गळणं, ही भरतीतल्या पोरांची नेहमीची तक्रार. त्यावर इलाज म्हणजे स्वतःच्या श्वासाचा आणि पावलांचा अंदाज, आणि तो कान मोकळे असतील तरच येतो. वेळ लावून पळशील ते सगळे राउंड गाण्याशिवाय पळ.

गाणं दोन ठिकाणी वापर. वॉर्मअपला, पळण्याआधीच्या दहा मिनिटांत आवडीचं जोशपूर्ण गाणं ऐक. अंगात हुशारी येते. आणि आठवड्यातून एकदा-दोनदा लांब, सावकाश पळतोस तेव्हा, तेही डांबरी रस्त्यावर नाही, मैदानात. आवाज इतकाच ठेव की शेजारी पळणाऱ्या मित्राने हाक मारली तर ‘ओ’ देता येईल.