सशाच्या वाढलेल्या दाढा भूल देऊन घासून कमी करायच्या आहेत. आदल्या रात्रीपासून त्याला उपाशी ठेवावे का, तयारी काय करावी आणि खर्च किती येतो?

उपाशी ठेवू नये. रात्रीही नाही आणि सकाळीही नाही. दवाखान्यातून तसे सांगण्यात आले असेल, तर कुत्र्या-मांजरांसाठीची सूचनाच तुम्हाला वाचून दाखवली गेली आहे असे समजावे, आणि फोनवरच्या व्यक्तीशी वाद न घालता जे डॉक्टर भूल देणार आहेत त्यांच्याशी थेट बोलावे.

भूल दिलेल्या कुत्र्याला उलटी झाली तर पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याचे पोट रिकामे ठेवतात. सशाला उलटी करताच येत नाही. शिवाय रात्रभर उपाशी ठेवले तरी त्याचे जठर पूर्ण रिकामे होत नाही, त्यामुळे उपासाचा मूळ हेतूही साधत नाही. होते ते एवढेच की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. दाढ दुखणारा ससा आधीच अर्धपोटी असतो. त्याच्यावर आणखी एका रात्रीचा उपास लादण्यात कोणतेही शहाणपण नाही. काही डॉक्टर भूल देण्याआधी तासभर खाणे बाजूला काढायला सांगतात, ते केवळ तोंडात चघळलेला पाला राहू नये म्हणून, आणि तेवढे योग्य आहे. पाणी मात्र काढू नये.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण म्हणजे याच मुद्द्यावर आमच्या घरात झालेला आणि अजूनही न मिटलेला वाद. आमची चिंगी चार वर्षांची असताना तिचे खाणे विचित्र झाले. दूर्वांची जुडी समोर ठेवली की ती धावत येई, एक काडी तोंडात घेई आणि टाकून देई. कोथिंबीर मात्र कशीबशी खाई. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झाले होते आणि लेंड्या बारीक पडू लागल्या होत्या. पुढचे दात पाहून येणारे-जाणारे सर्वजण दात उत्तम असल्याची ग्वाही देत होते, पण सशाच्या अठ्ठावीस दातांपैकी ओठ उचलून दिसतात ते मोजकेच. दाढा अरुंद तोंडात पार आत असतात. हे सर्व दात जन्मभर वाढतात, आणि गवत चघळून झिजले नाहीत तर खालच्या दाढांची टोके जिभेत आणि वरच्या दाढांची गालात रुतू लागतात. चिंगीच्या जिभेच्या कडेला जखम झालेली होती, म्हणून डॉक्टरांनी दाढा घासण्याचे ठरवले.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला की रात्री दहानंतर अन्न नको आणि पहाटेपासून पाणीही नको. रुग्ण ससा आहे याची मी आठवण करून दिली, तेव्हा "सगळ्या जनावरांना हेच असते," असे उत्तर मिळाले; डॉक्टरांशी बोलणे होऊ शकले नाही. मी नेहमीप्रमाणे पिंजऱ्यात गवत भरले आणि झोपले. नेमके त्याच दिवशी माझे थोरले दीर सांगलीहून मुक्कामाला आले होते. भाऊजींनी आयुष्यभर डॉबरमन पाळले आहेत आणि त्या बळावर घरातील प्रत्येक चतुष्पादाविषयी अंतिम निकाल देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतलेला आहे. फोनवरचे बोलणे त्यांच्या कानावर पडले होते. रात्री उठून त्यांनी सगळे गवत काढले, पाण्याची बाटलीही ओट्यावर नेऊन ठेवली, आणि पहाटे मी पाहिले तेव्हा चिंगी अंग चोरून कोपऱ्यात बसली होती व रात्रीच्या लेंड्या जवळजवळ नव्हत्या. मी तिच्यापुढे कोथिंबीर धरताच भाऊजी म्हणाले, "पोटात अन्न असताना भूल म्हणजे मरण. तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?" थोरल्या दिरांना उलट बोलण्याची आमच्याकडे पद्धत नाही, मी काही बोलले नाही, पण कोथिंबीरही मागे घेतली नाही.

दवाखाना उघडताच मी डॉक्टरांना गाठले. त्यांनी सर्वांत आधी चिंगीने सकाळपासून काय खाल्ले हेच विचारले, आणि उपासाची सूचना आपली नसून तेथे सर्वांना एकच छापील कागद वाचून दाखवतात असे सांगितले. काम त्यांनी दुपारवर ढकलले, तोवर तिला खाऊ घालण्यास सांगितले, आणि दाढा व्यवस्थित घासल्या गेल्या. संध्याकाळी तिने सिरिंजने दिलेले पातळ खाद्य घेतले आणि दुसऱ्या दिवशी दूर्वांना तोंड लावले. भाऊजींच्या मते मात्र ती माझ्या हट्टामुळे मरता मरता वाचली, आणि हे ते आजही घरातल्या प्रत्येक कार्यात, पंगतीत माझ्या देखत सांगतात.

त्यांची भुलेची भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, तर सशांमध्ये १.३९ टक्के आढळले. परंतु त्याच पाहणीत निरोगी सशांमध्ये हे मृत्यूचे प्रमाण ०.७३ टक्के आणि आजारी सशांमध्ये ७.३७ टक्के होते, आणि सशांचे निम्म्याहून अधिक मृत्यू भूल उतरण्याच्या व त्यानंतरच्या काळातले होते. म्हणजे ससा जितका धडधाकट अवस्थेत टेबलावर जाईल आणि नंतर जितकी चांगली देखभाल होईल, तितके बरे. रात्रभर उपाशी ठेवल्याने यांतले काय साधते, ते भाऊजींनी सांगावे.

तयारीविषयी बोलायचे तर खरी तयारी डॉक्टर निवडण्याची असते. ते सशांना नेहमी भूल देतात का, वेदनाशामक आधीच देणार का, दाढांच्या मुळांसाठी कवटीचा एक्स-रे काढणार का आणि शुद्धीवर येताना ससा उबेत ठेवला जाईल का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना जे चिडतात, त्यांच्याकडे ससा नेऊ नये. पुढचे दात नखे कापण्याच्या कात्रीने कटकन उडवणाऱ्यांकडे तर मुळीच नेऊ नये, कारण त्याने दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होण्याची वाट मोकळी होते. सिरिंजने भरवण्याची सवय आठवडाभर आधीपासून लावावी. पेलेट, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून केलेला पातळ लगदा चालतो. सोबत त्याच्या ओळखीचे गवत, त्याची पाण्याची बाटली आणि घरातला वास असलेला टॉवेल न्यावा, जोडीदार ससा असेल तर त्यालाही न्यावे. उन्हाळ्यात प्रवास सकाळी लवकर करावा, कारण ससा उष्णता सोसत नाही.

दाढा झिजाव्यात म्हणून सुकी पोळी, चणे आणि बिस्किटे देण्याचा जो सल्ला भाऊजींसारखे अनुभवी लोक देतात, तो तर पूर्णपणे चुकीचा आहे. कडक पदार्थ दाढांनी दोन-चार वेळा चिरडला की संपतो; दाढा झिजतात त्या लांब तंतूचे गवत तासन् तास आडवे रगडल्याने. मारवेल, दूर्वा, वाळलेले गवत हवे तेवढे द्यावे. लसूण घास मात्र प्रौढ सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असते.

खर्चाबद्दल विचारले आहे, पण एक्स-रे, भूल आणि नंतरची औषधे यांनुसार तो इतका बदलतो की आकडा सांगण्यात अर्थ नाही. लेखी अंदाज आधी मागून घ्यावा. येथे हेही सांगायला हवे की मी डॉक्टर नाही, आणि मुळाशी गळू झालेल्या किंवा इतर आजार असलेल्या सशाच्या बाबतीत सशांचे जाणकार डॉक्टर काही वेगळे सांगत असतील तर त्यांचेच ऐकावे. औषधांत तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहिलेले दिसले तर ते देण्याआधी पुन्हा विचारावे, कारण पेनिसिलिनच्या कुळातील औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून जिवावर बेतू शकते. इंजेक्शनची गोष्ट वेगळी असते. आणि घरी आणल्यावर रात्रीपर्यंत त्याने स्वतःहून काही खाल्ले नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा. त्यासाठी त्यांचा रात्रीचा नंबर दवाखान्यातून निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावा.